विमानाच्या नाकाची टोपी

भोरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबात थोरल्या जावेचा मुलगा छोटी विमाने जोडण्याच्या छंदात पडला आहे. इंजिन बसले, पंख बसले, चाके बसली. आता त्याला विमानाच्या नाकावर एक टोपी हवी आहे, व तिला तो ‘स्पिनर’ म्हणतो. घरातील वडील मंडळींना स्पिनर म्हणजे फिरकी गोलंदाज एवढेच ठाऊक, तेव्हा प्रथम थोडी करमणूक झाली व मग वाद माजला. आजोबांचे म्हणणे, ही टोपी म्हणजे निव्वळ नटवेपणा, तीवर पैसा घालवू नये. मुलाचे म्हणणे, तिच्यावाचून विमानाला विमान म्हणवत नाही. भगिनींचा प्रश्न मात्र या दोहोंहून निराळा आणि आमच्या मते अधिक शहाणपणाचा आहे. त्या विचारतात, “घरात तीन लहान मुले आहेत आणि ती दिवसभर या दादाच्या अवतीभवती असतात. ही टोपी लावल्याने धोका वाढतो की कमी होतो?”

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. टोपी मध्यावर नीट बसली तर धोका किंचित कमी होतो. वाकडी बसली तर पुष्कळ वाढतो. आणि ती सरळ बसली की वाकडी, हे सांगणारी सर्वांत चांगली साक्षीदार पुन्हा ती टोपीच आहे. तिचा खरा उपयोग शोभेचा नाही, वेगाचाही नाही. फिरणारा आस खरा फिरतो की नाही हे डोळ्यांना दाखविण्याचा आहे. हे कसे, ते या महिन्याच्या सदरात पाहू.

प्रथम वस्तूची ओळख. इंजिनाच्या पुढे जो पोलादी आस निघतो त्यावर प्रॉपेलर घालतात व नटाने आवळतात. नट, वॉशर आणि प्रॉपेलरचा मधला जाड भाग मिळून विमानाच्या नाकावर एक ओबडधोबड गड्डा तयार होतो. तो झाकण्यासाठी केळफुलाच्या टोकासारखी निमुळती, पोकळ टोपी घालतात. तिचे भाग दोन. एक मागची सपाट चकती. ही प्रॉपेलरच्या मागे, इंजिनाच्या बाजूस बसते. दुसरी पुढची टोपी. हिच्या कडेला समोरासमोर दोन खाचा असतात व त्यांतून प्रॉपेलरची दोन पाती बाहेर येतात. चकती व टोपी स्क्रूने एकमेकींस जोडल्या की झाले. काही टोप्या नायलॉनच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात, काही अॅल्युमिनियमच्या.

आता आजोबांच्या आक्षेपाचा विचार करू. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले. ते १२ सेकंद टिकले, त्यात १२० फूट अंतर कापले गेले, आणि त्यांच्या प्रॉपेलरांवर टोपी नव्हती. तेव्हा टोपीवाचून विमान उडते, यात संशय नाही. पण त्यानंतर दहाच वर्षांनी, १९१३ साली, फ्रान्समधील राँस येथे गॉर्डन बेनेट शर्यतीत मोरीस प्रेव्हो या वैमानिकाने देपेर्द्युसाँ जातीचे विमान ताशी २०० किलोमीटरांहून अधिक सरासरी वेगाने उडवून शर्यत जिंकली. त्या विमानाच्या नाकावर भलीमोठी गोल टोपी होती. वेगाने येणाऱ्या वाऱ्याला बोथट, खडबडीत वस्तू आडवी आली की तो फाटतो, घोटाळतो व मागे ओढ निर्माण करतो. तीच वस्तू गोलसर व निमुळती असली तर तो तिच्या अंगावरून सुरळीत वाहतो. या शास्त्राचे मोठे आचार्य म्हणजे जर्मनीतील ग्योटिंगेनचे लुडविग प्रांट्ल. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत आपले विष्णु माधव घाटगे होते. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घाटग्यांनी ज्याची रचना केली ते एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली प्रथम उडाले. विमानाच्या अंगावरून वारा कसा सरकतो हा विचार आपल्या माणसांनाही नवा नाही, एवढे सांगण्यापुरता हा उल्लेख.

पण टोपी फार मोठी झाली तर काय होते, याचाही दाखला त्याच काळात सापडतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, मोरान-सोल्निए या फ्रेंच कारखान्याच्या एका लढाऊ विमानाला एवढी विशाल टोपी होती की तिला लोक पातेल्याचे नाव देत. तिने इंजिनावर येणारा वारा अडविला व इंजिन तापू लागले. पुढे ती टोपी काढूनच टाकण्यात आली आणि त्याने विमानाच्या वेगात फारसा फरक पडला नाही. आपल्या मुलाने हा धडा जरूर घ्यावा. टोपीचा व्यास विमानाच्या नाकाशी जुळणारा असावा. इंजिनाच्या किंवा विजेच्या मोटारीच्या गारव्याची वाट तिने बुजवू नये. वारा आत येण्यास वाट हवी, तशीच तो बाहेर पडण्यासही हवी. आणि बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेहून मोठी असावी.

आपल्या छोट्या विमानाला टोपीने वेग किती मिळेल? फारच थोडा. तो एवढा थोडा असतो की घड्याळ हाती धरूनही सहजासहजी ओळखू येणार नाही. म्हणजे आजोबांचे निम्मे म्हणणे खरे ठरले. आता उरलेल्या निम्म्याकडे वळू.

जुन्या पिढीतील ज्या वाचकांनी चरखा चालविला असेल त्यांना चातीची गोष्ट सांगावयास नको. चाती केसभर वाकली की ती थरथरते, आवाज करते आणि सूत तुटत राहते. चाक उत्तम असो, माळ उत्तम असो, पेळू उत्तम असो. चाती सरळ नसली तर सारे व्यर्थ. भोवऱ्याची आर मध्याला सोडून बसली असली तर तो मुलगा कितीही कुशल असो, भोवरा धिंगाणा घालतोच. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूचा हा नियम आहे. तिचा भार आसाच्या चोहोंकडे सारखा वाटलेला पाहिजे. हळू फिरणाऱ्या वस्तूला थोडा अन्याय सोसतो. वेगाने फिरणारी वस्तू तो सोसत नाही.

हा वेग किती, त्याचा हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या इंजिनाला १० इंच व्यासाचा आणि ६ इंच पिचाचा प्रॉपेलर सामान्यपणे लावतात. पिच ६ इंच याचा अर्थ असा की, मऊ लाकडात स्क्रू शिरावा तसा तो हवेत शिरला तर एका फेऱ्यात ६ इंच पुढे जाईल. असा प्रॉपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेतो असे धरा. मग त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला १३३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४८० किलोमीटर वेगाने धावत असते. लाकडाची ती पातळ पट्टी तेव्हा डोळ्यांना दिसतच नाही; नुसता एक धूसर गोल दिसतो, आणि लहान मुलाला तो निरुपद्रवी वाटतो. खरा धोका येथे आहे.

याच वेगाने फिरणाऱ्या टोपीवर, मध्यापासून अडीच सेंटिमीटरांवर, एका बाजूला एक ग्रॅम वजन अधिक आहे असे समजा. एक ग्रॅम म्हणजे सराफाच्या तागडीतला सुमारे एक मासा. स्थिर असताना तो हातालाही कळत नाही. परंतु मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या वेगाने तोच मासा आसाला पावणेतीन किलोंहून अधिक जोराने बाहेर ओढतो, आणि या ओढीची दिशा सेकंदात १६६ वेळा आसाभोवती फिरून येते. इंजिनाचे बेअरिंग झिजणे, ते धरून ठेवणारे स्क्रू ढिले होणे, लाकडी सांधे उकलणे, पेट्रोलच्या किंवा मेथेनॉलच्या टाकीत फेस येऊन इंजिन आकाशात बंद पडणे, ही सारी त्या एका माशाची करणी. आणि शेवटी टोपीच तडकून उडाली तर तिचा तुकडा कोणाच्या डोळ्यात जाईल हे कोणी सांगावे?

म्हणून टोपी बसविणे हे काम शृंगाराचे नसून जोखमीचे आहे. ते क्रमाने करावे. मोटार विजेची असेल तर हे सर्व चालू असताना बॅटरी विमानाला जोडलेली नसावी. हा नियम वडिलांनी स्वतः पाळवून घ्यावा. इंजिन मुद्दाम चालू करावे लागते. विजेची मोटार मात्र एखादी कळ चुकून हलली तरी क्षणात फिरू लागते.

पहिली गोष्ट प्रॉपेलरचे भोक. प्रॉपेलरचे भोक पुष्कळदा आसापेक्षा लहान असते व ते मोठे करावे लागते. येथे घरातले गिरमिट हातात धरून भोक पाडण्याचा मोह होतो, तो आवरावा. हाताने धरलेले गिरमिट तिरपे जाते व भोक मध्य सोडते. मग पुढचे सर्व कष्ट वाया. या कामासाठी रीमर नावाचे हत्यार मिळते. ते जुन्या भोकालाच वाट धरून थोडथोडे मोठे करीत जाते. प्रॉपेलरच्या मागच्या बाजूने रीमर घालावा, कारण तीच बाजू चकतीला टेकणार असते. आस भोकात खेळता कामा नये आणि ठोकूनही बसवावा लागू नये. मागच्या चकतीचे भोक आसापेक्षा मोठे असेल तर तिच्याबरोबर मिळणारी योग्य मापाची कडी घालावी. कागदाची किंवा चिकटपट्टीची गुंडाळी करून ते भोक भरणे म्हणजे चकती मध्यावर नाही हे कबूल करून पुढे जाणे होय.

दुसरी गोष्ट तोल. प्रॉपेलरच्या भोकात बरोबर बसेल अशी सरळ, गुळगुळीत सळई घालावी आणि तिची दोन टोके सारख्या उंचीच्या दोन पेल्यांच्या कडांवर ठेवावी. जे पाते खाली येईल ते जड. त्याच्या पुढच्या फुगीर अंगावरून बारीक काचकागद थोडा थोडा फिरवावा आणि वरचेवर तोल पाहावा. किंवा हलक्या पात्यावर व्हार्निशचा पातळ हात द्यावा. पाते कापून आखूड करू नये. प्रॉपेलर कोठेही थांबविला तरी जेथल्या तेथे राहिला की काम झाले. काचकागदाने उघडे पडलेले लाकूड पुन्हा व्हार्निशने झाकावे, नाही तर ते ओल पिते.

तिसरी गोष्ट जोडणी. आसावर प्रथम मागची चकती, मग प्रॉपेलर, मग वॉशर, मग नट. चकतीची कड आणि विमानाच्या नाकाचे आवरण यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर फट असावी, कारण चालू इंजिन जागच्या जागी थोडे हलते. प्रॉपेलर हाताने फिरविताना एका ठिकाणी इंजिनातील दाबामुळे तो अडतो. त्या जागी पाती आडवी राहतील अशा बेताने नट आवळावा. इंजिन हवेत बंद पडले तर ते बहुधा याच जागी थांबते, आणि आडवे पाते जमिनीवर आपटून मोडण्याचा संभव कमी असतो. नट आवळण्यास योग्य मापाचा पानाच घ्यावा. पकडीने नटाचे कोपरे झिजतात व पुढे तो ना सुटतो ना आवळतो.

चौथी गोष्ट खाचा. टोपी वर बसवून पाहावी. पात्याच्या बुडाभोवती खाचेत सर्व बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर मोकळी जागा पाहिजे. कोठेही टोपी पात्याला टेकत असेल तर कानशीने खाच मोठी करावी, पाते तासू नये. टोपी घासून घासून पात्याच्या बुडाशी बारीक ओरखडा पाडते आणि पाते मोडते ते नेमके त्या ओरखड्यापाशी. एका खाचेतून जितके काढले तितकेच समोरच्या खाचेतूनही काढावे, म्हणजे तोल राहतो. खाचेचे कोपरे काटकोनी न ठेवता गोल करावे. नव्या कापडाला कातरीची बारीकशी चीर पडली की ते तेथूनच सरकन फाटते, हे शिवणकाम करणाऱ्या आमच्या वाचक भगिनी जाणतातच. टोपीचा तीक्ष्ण कोपरा ही तशीच चीर आहे. शेवटी स्क्रू. ते सर्व एका लांबीचे असावे व एक थोडा, दुसरा थोडा असे पाळीपाळीने आवळावे.

आता साक्षीदाराची साक्ष घ्यावयाची. विमान टेबलावर घट्ट बसवावे. टोपीच्या टोकाजवळ एक पेन्सिल अशी टेकवून ठेवावी की तिचे अग्र आणि टोपीचे टोक यांत कागदाएवढीच फट राहील. मग मेथेनॉल, पेट्रोल किंवा बॅटरी यांपैकी काहीही विमानात नसताना प्रॉपेलर बोटाने सावकाश फिरवावा. फट सर्वकाळ सारखी राहिली तर काम उत्तम झाले. टोक एकदा पेन्सिलीजवळ येते व एकदा दूर जाते असे दिसले तर कोठे तरी दोष आहे. तो शोधण्याची रीतही सोपी आहे. टोपी सोडवावी आणि अर्ध्या फेऱ्याने फिरवून, म्हणजे या खाचेतले पाते त्या खाचेत येईल अशी, पुन्हा बसवावी. दोषही टोपीबरोबर फिरला तर टोपी वाकडी. दोष जेथल्या तेथेच राहिला तर चकती, तिच्यामागचा वॉशर किंवा खुद्द इंजिनाचा आस वाकलेला. उघड्या नटावर हा दोष कोणाला दिसला नसता. नट लहान असतो आणि वाकडेपणा केसभर असतो. टोपीचे टोक आसापासून दोन इंच पुढे असते, म्हणून तोच केसभर वाकडेपणा तेथे मोठा होऊन डोळ्यांत भरतो. आजोबांना आमचे उत्तर हेच. टोपी विकत घ्यावी ती या साक्षीसाठी.

टोपी बसविल्यावर विमानाचा तोल पुन्हा पाहावा लागतो, कारण नाकावरचे थोडे वजन फार लांबून ओढते. तोलाच्या बिंदूपुढे २५ सेंटिमीटरांवर ३० ग्रॅमची टोपी आली, तर तिला तोलण्यास मागे १० सेंटिमीटरांवर ७५ ग्रॅम ठेवावे लागतील. लांब दांडीच्या तागडीचाच हा न्याय. म्हणून नकाशात दिलेल्या बिंदूवर विमान दोन बोटांवर उचलून पाहिल्यावाचून ते हवेत सोडू नये.

यानंतर इंजिन प्रथम चालू करण्याचा प्रसंग. भगिनींच्या मूळ प्रश्नाचे बाकीचे उत्तर येथे आहे. हे काम माजघरात किंवा ओसरीवर होऊ नये. मोकळ्या जागी, विमान मागून बांधून करावे. सर्व मुलांना विमानाच्या मागे, काही पावलांवर उभे करावे. प्रॉपेलरच्या समोर कोणी नको, आणि त्याच्या बाजूला, म्हणजे पाती ज्या पातळीत फिरतात त्या पातळीत तर मुळीच कोणी नको. कारण पाते किंवा टोपी फुटली तर तुकडे तिकडेच फेकले जातात. इंजिनाची सुई वरखाली करावयाची ती मागे उभे राहून. फिरत्या पात्यावरून हात नेऊ नये. डोळ्यांवर चष्मा असावा. पदर, ओढणी, मफलर, गळ्यातली लोंबती दोरी यांतले काही अंगावर मोकळे असू नये. प्रॉपेलरला झटका देण्यास बोट न वापरता रबर चढविलेली लाकडी काठी वापरावी. विजेच्या स्टार्टरने सुरू करावयाचे असेल तर त्याचा रबरी पेला टोपीवर हलकेच टेकवावा. प्लॅस्टिकची टोपी जोराने दाबली की तडकते. स्टार्टर नेहमी वापरावयाचा असल्यास अॅल्युमिनियमची टोपी बरी. टोपी कोणत्याही धातूची असो, तिचे टोक गोल असावे; अणकुचीदार नको.

या ठिकाणी आपल्या घरांतील एका सद्गुणाविरुद्ध बोलावे लागत आहे, त्याबद्दल वडील मंडळींनी राग मानू नये. फाटलेले शिवावे, मोडलेले जोडावे, टाकू काही नये, अशी आपल्या घरांची शिकवण आहे व ती चांगली आहे. पण मोडलेल्या प्रॉपेलरला आणि तडकलेल्या टोपीला ती लागू नाही. सरस कितीही चांगला असो, ताशी ४८० किलोमीटर धावणाऱ्या पात्याचा सांधा आपल्या घरच्या सरसावर सोपविता येत नाही. टवका उडालेला प्रॉपेलर करवतीने मधोमध कापून टाकावा. नुसता फडताळात ठेवला तर चार महिन्यांनी धाकटा भाऊ तो काढतो, आणि ‘अजून चांगला आहे की’ म्हणून लावतो. काटकसर इंजिनात करावी, रंगात करावी, सहली कमी करून करावी. येथे करू नये.

भोर-वेल्ह्याच्या मुलखात हा प्रश्न वरचेवर येणार. तेथे सपाट जमीन म्हणजे बहुतेक भाताची खाचरे. दिवाळीनंतर पीक निघाले की ती मोकळी होतात, सकाळचा वारा मंद असतो, आणि मुलांना वाटते की याहून चांगले मैदान कोठले! पण खाचराला बांध असतो. उतरणारे विमान धावत जाऊन बांधावर नाक आपटते आणि पहिला तडाखा टोपीला बसतो. वरून टोपी धड दिसते, मुलगा माती झटकतो व पुन्हा उडविण्यास सिद्ध होतो. अशा वेळी पेन्सिलीची परीक्षा पुन्हा घेतल्यावाचून इंजिन चालू करू द्यावयाचे नाही. खाचांत अडकलेली माती ब्रशाने काढावी, आतून चीर पडली आहे का ते उजेडाकडे धरून पाहावे आणि मग टोक फिरते कसे ते तपासावे. राजगड-तोरण्याच्या माच्यांवरून विमान सोडण्याची कल्पना कोणाच्या मनात आली तर तिला उत्तेजन देऊ नये. तेथे माणसांची गर्दी असते, आणि कड्याच्या आडोशाला वारा कोसळत, भोवरे घेत उतरतो. छोटे विमान त्यात सापडले की हातात राहत नाही. भाटघरच्या धरणाची भिंत आणि विजेच्या तारा यांपासूनही दूर राहावे. रेडिओने चालणारे विमान असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे तांबडे, पिवळे व हिरवे असे विभाग पाडले आहेत. आपली जागा कोणत्या विभागात येते हे सरकारी नकाशावर पाहून घ्यावे. जवळच खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि लोहगावास वायुदलाचा तळ आहे, हे विसरू नये. मुलगा ज्या शाळेत वा महाविद्यालयात जातो तेथे राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग असेल तर त्यात जरूर जावे. विमानाच्या प्रतिकृती बनविणे व उडविणे हा तेथील शिक्षणाचाच एक भाग आहे, आणि जाणत्याच्या देखरेखीखाली शिकलेला हात घरात अधिक सुरक्षित असतो.

आणखी एक गोष्ट या मुलखापुरती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या गावांत पाऊस मुसळधार. आषाढात जुन्या वाड्याचे दार चौकटीत फुगून बसते, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. तेच दार चैत्रात खुळखुळते. लाकूड ओल पिऊन फुगते व उन्हाने आक्रसते. लाकडी प्रॉपेलरही लाकूडच आहे. पावसाळ्याच्या अखेरीस नट घट्ट आवळून विमान भिंतीला टांगून ठेवले, तर फाल्गुनात प्रॉपेलरचा मधला भाग आक्रसून नट सैल पडलेला असतो, आणि कोणी त्याला हात लावलेला नसतो. टोपीने नट झाकलेला असल्यामुळे तो सैल झाल्याचे वरून दिसत नाही. साक्षीदाराच्या साक्षीत ही एक उणीव आहे, ती आपण भरून काढावी. ऋतू पालटला, की टोपी काढून नट पान्याने पुन्हा तपासावा. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि होळीला, असा नेम ठेवला तर विसर पडणार नाही. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतोच. त्या दिवशी पाना हाती घेऊन नट आवळणे हीही एक पूजाच समजावी. शिवाय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी, इंजिन चालू करण्यापूर्वी, टोपीचे टोक बोटाने एक फेरा फिरवून पाहावे. या कामाला अर्धे मिनिट लागते, आणि ते घरातील सर्वांत धाकट्या मुलाला सांगावे. त्याचे डोळे तीक्ष्ण असतात. इंजिन बंद असतानाच विमानाजवळ जावयाचे, ही सवयही त्याला त्या निमित्ताने लागते.

पुढील अंकी विमानाच्या तोलाचा बिंदू पंखाच्या रुंदीत नेमका कोठे असावा आणि तो चुकला तर विमान कसे वागते, याविषयी लिहू.